देवलदेवी
(तेरावे–चौदावे शतक). गुजरातचा अखेरचा वाघेला राजा कर्ण याची कन्या. फार्सी साहित्यात ती देवलरानी वा दुवलरानी या नावांनी प्रसिद्ध आहे. तिचा ठरलेला विवाह देवगिरीच्या यादव घराण्यात आणि झालेला विवाह दिल्लीच्या खल्जी घराण्यात, यामुळे तिच्या चरित्रास मराठवाड्याच्या इतिहासातही स्थान आहे.

अलाउद्दीन खल्जीच्या सैन्याने १२९९ मध्ये गुजरात जिंकले. त्या वेळी कर्णाची राणी कमलादेवी सैन्याच्या हाती लागली व पुढे अलाउद्दीनने तिच्याशी विवाह केला. देवलदेवी तेव्हा तान्ही होती. तिला घेऊन कर्ण निसटला व यादव राजा रामचंद्र याच्या आश्रयाने बागलाणात राहिला. रामचंद्राचा पुत्र शंकरदेव याने देवलदेवीस मागणी घातली. कर्ण प्रारंभी राजी नव्हता. परंतु खल्जी सैन्य चालून येताच त्याने संमती दिली आणि शंकरदेवाचा बंधू भीमदेव याच्याबरोबर तिची देवगिरीकडे पाठवणी केली. फिरिश्ताच्या वृत्तांतानुसार वेरूळची लेणी पाहण्यास गेलेल्या सुमारे ३०० खल्जी सैनिकांची या पथकाशी अकस्मात गाठ पडली, चकमकीत देवलदेवीचा घोडा जायबंदी होऊन ती पकडली गेली (सु. १३०७). वेरूळच्या लेण्यांचा हा एक महत्त्वाचा मध्ययुगीन उल्लेख होय.

दिल्लीस तिची मातेशी भेट झाली. अमीर खुसरौच्या मते त्या वेळी तिचे वय अवघे आठ वर्षांचे होते. पुढे अलाउद्दीनचा पुत्र खिज्रखान याच्याशी तिचा विवाह झाला. तत्पूर्वी १३१२ मध्ये खिज्रखानाचा विवाह त्याच्या मामाच्या, म्हणजे अल्पखानाच्या, कन्येशी झाला होता. अलाउद्दीनच्या मृत्यूनंतर (१३१६) मलिक काफूरने खिज्रखानाचे डोळे काढविले. १३१८ मध्ये सुलतान मुबारक याने देवलदेवीची मागणी केली; खिज्रखानाने ती नाकारली व त्याच वर्षी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात त्याचा वध झाला. त्यानंतर मुबारकने तिला आपल्या अंतःपुरात घेतले, असे फिरिश्ता सांगतो.

खुसरौचे दुवलरानी–खिज्रखान हे काव्य समकालीन असले, तरी ते राजपुत्राच्या प्रेमाचे गौरवगान आहे. फिरिश्ताने सुमारे तीनशे वर्षांनी लेखन केले. म्हणून काही इतिहासकार ही कथाच काल्पनिक मानतात, तर इतर तिचा गाभा ग्राह्य धरतात. इसामीने रामचंद्राची कन्याही अलाउद्दीनला दिल्याचे नमूद केले आहे. राजकन्यांचे विवाह हे त्या काळी तह, आश्रय व विजय यांचेच अंग होते, हे यावरून दिसते. देवलदेवीची कथा प्रेमकथा म्हणून गाजली; तथापि तीतील प्रत्येक निर्णय पिता, आश्रयदाता, विजेता वा सुलतान यांनी घेतलेला आहे.  नंदशंकर मेहता यांच्या करणघेलो (१८६६) या पहिल्या गुजराती कादंबरीमुळे ही कथा आधुनिक वाचकांपर्यंत पोहोचली.