अळवाचे पान, मेणाचा डबा आणि गाडीचा रंग

नवी मोटार घेताना कर्जाचे कागद, विमा, नोंदणी हे सारे आटोपले की विक्रेता हळूच आणखी एक पर्याय पुढे करतो : सिरॅमिक कोटिंग. काचेसारखा थर, कडकपणा '९एच', ओरखडा उठणार नाही, पाणी तर कमळाच्या पानावरून घरंगळावे तसे घरंगळेल! किंमत काही हजारांपासून सुरू होते आणि पगारदार माणसाला विचारात पाडील इतकी वर जाते. दुकानात मेणाचा डबा काही शे रुपयांत मिळतो. दोन्हींचे काम वरकरणी एकच. मग पैसे कशावर खर्च करावेत? काचपट्टी, मेणबत्ती, पेन्सिल आणि अळवाचे पान एवढ्या साहित्यावर या प्रश्नाचे बरेचसे उत्तर वर्गातच मिळू शकते, म्हणून तो येथे घेत आहोत.

प्रथम पाण्याचा थेंब पाहू. स्वच्छ काचपट्टीच्या अर्ध्या भागावर मेणबत्ती घासून कापडाने पुसून घ्या. आता दोन्ही भागांवर पाण्याचा एकेक थेंब ठेवा आणि डोळा पट्टीच्या पातळीत आणून बाजूने निरीक्षण करा. काचेवर थेंब पसरतो, मेणावर फुगीर राहतो. थेंबाची कड जिथे पृष्ठभागाला टेकते तिथे पाण्याच्या आतल्या बाजूने मोजलेला कोन म्हणजे स्पर्शकोन. काचेवर तो लघुकोन असतो, मेणावर काटकोनाहून थोडा मोठा. काचेच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. पाण्याचे रेणू त्यांना हायड्रोजन बंधाने चिकटतात. मेणाचे रेणू म्हणजे मुख्यतः कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या. त्यांना पाण्याचे फारसे आकर्षण नाही. त्यामुळे पाण्याचे रेणू एकमेकांनाच धरून राहतात.

तिसरा थेंब अळवाच्या पानावर ठेवा. तो जवळजवळ गोटीसारखा गोल दिसेल, आणि पान जरा कलते करताच पळेल. 'अळवावरचे पाणी' हा वाक्प्रचार उगीच रूढ झालेला नाही. येथे स्पर्शकोन १५० अंशांच्या आसपास किंवा वर असतो. पण पानावर आहे तेही मेणच. मग एवढा फरक का? कारण पानाचा पृष्ठभाग सपाट नाही. त्यावर सूक्ष्म उंचवटे आहेत आणि उंचवट्यांवर मेणाची त्याहून बारीक नक्षी. थेंब या टोकांवर, मधल्या हवेच्या आधाराने बसतो. कमळाच्या पानाबाबत हे गुपित जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी नाइनहाउस यांनी १९९७ साली सविस्तर मांडले. पानाचा थोडा भाग बोटाने जोरात चोळा आणि तिथे पुन्हा थेंब टाका. नक्षी मोडल्यामुळे पाणी आता चिकटू लागेल.

पृष्ठभाग अगदी सपाट असेल तर कोणतेही रसायन लावले तरी स्पर्शकोन साधारण १२० अंशांपुढे जात नाही. गाडीचा रंग तर सपाटच हवा. खडबडीत झाला की प्रकाश विखुरतो आणि चकाकी जाते. आरशासारखी चकाकी आणि कमळाच्या पानासारखे पाणी ही दोन आश्वासने, निदान रोज पुसल्या जाणाऱ्या पत्र्यावर, एकत्र नांदू शकत नाहीत.

आता हे थर कशावर बसतात ते पाहू. आजच्या गाडीच्या पत्र्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकरचा थर असतो. हा लॅकर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहून पातळच. उन्हातील अतिनील किरण शोषणारी द्रव्येही त्यातच मिसळलेली असतात. त्यामुळे रंगाचे खरे संरक्षण हा थर करतो. मेणाचा किंवा कोटिंगचा थर त्याच्या तुलनेत अगदीच पातळ, बहुधा मायक्रॉन-दोन मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी.

गाडीच्या चांगल्या मेणात कार्नौबा मेण असते. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून ते खरवडून काढतात. म्हणजे हेही पानावरचेच मेण! ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळते, आणि काळ्या गाडीचे बॉनेट उन्हाळ्यात त्याच्या वरही तापू शकते. मात्र डब्यातल्या मेणात तेले आणि द्रावके मिसळलेली असतात, आणि ते रंगाला रासायनिक बंधाने जोडलेले नसते, नुसते चिकटून असते. ऊन, पाऊस, साबण यांनी दोन-तीन महिन्यांत ते जाते. ताडाचे पान नवे मेण तयार करते, गाडीला ते आपण लावावे लागते.

सिरॅमिक कोटिंग हे चिनी मातीच्या भांड्यासारखे भट्टीत भाजलेले नसते. बाटलीत सिलिकॉनची द्रवरूप संयुगे असतात. ती हवेतील बाष्पाशी अभिक्रिया करून सिलिकॉन-ऑक्सिजनचे जाळे विणतात आणि हे जाळे लॅकरला घट्ट धरते. म्हणून ते साबणाने निघत नाही. चांगले लावलेले असेल तर वर्षभर, कधी तीन वर्षेही टिकते. पण हे जाळे काचेच्याच जातीचे, आणि काचेवर पाणी पसरते हे आपण नुकतेच पाहिले. मग कोटिंगवर थेंब का फुगतो? जाळ्याला बाहेरच्या बाजूने मिथिलसारखे कार्बन-हायड्रोजनचे गट जोडलेले असतात म्हणून. मेणाची युक्ती येथेही आहेच! हे गट झिजले किंवा त्यांवर धुळीचा पापुद्रा बसला, की थर शाबूत असूनही थेंब फुगत नाहीत. उलट थेंब छान फुगतात म्हणून रंग सुरक्षित आहे असेही नाही.

आणि '९एच'चे काय? हा आकडा ऐकून पुष्कळांना मोह यांची १८१२ ची खनिजांच्या काठिण्याची श्रेणी आठवते. त्या श्रेणीत ९ म्हणजे कुरुंद, हिऱ्याच्या खालोखाल. येथील ९एच मात्र पेन्सिलचा आहे. ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती मिसळून कमी-जास्त कठीण शिसे करण्याची रीत फ्रान्समध्ये काँते यांनी १७९५ साली काढली. माती जितकी अधिक, तितकी पेन्सिल कठीण. रंगाच्या चाचणीत शिशाचे टोक सपाट घासून, ४५ अंशांत धरून, ७५० ग्रॅम भाराने पृष्ठभागावर ढकलतात. कोणत्या पेन्सिलीपर्यंत ओरखडा उठत नाही तो त्या रंगाचा आकडा. जुन्या कंपासपेटीच्या झाकणावर एचबी, २एच, ४एच अशा पेन्सिली क्रमाने चालवून मुले ही चाचणी ढोबळमानाने करू शकतील. नंतर हीच सर्वांत कठीण पेन्सिल काचपट्टीवर चालवा. ओरखडा उठणार नाही. मग चिमूटभर वाळू काचेवर चोळा. उठेल! वाळूतील क्वार्ट्झ मोह श्रेणीत ७ वर आहे.

सकाळी एक बादली आणि एकच फडके घेऊन सोसायटीतल्या सगळ्या गाड्या पुसल्या जातात, तेव्हा नेमका हाच प्रयोग चालू असतो. उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे त्यातून येतात. त्यावर ना मेण उपाय आहे, ना मायक्रॉनभर सिलिका. दगडाचा टवका आणि किल्लीचा ओरखडा यांचे तर नावच नको.

तेव्हा आमचे मत असे. गाडी उघड्यावर उभी असेल आणि फडक्याची ही पद्धत बदलणार नसेल, तर कोटिंगवर पैसे घालू नयेत. वर्षातून तीन-चारदा सावलीत, गार पत्र्यावर मेण लावावे. चुकले तर पुसून पुन्हा लावता येते. कोटिंगमध्ये चूक झाली तर ती घासूनच काढावी लागते, आणि थर देण्यापूर्वी जे पॉलिश करतात त्यातही लॅकरचे काही मायक्रॉन जातात. दर दोन वर्षांनी ते करत राहिलो तर ४० मायक्रॉनची शिल्लक किती पुरेल, हे गणित मुलांना घालण्याजोगे आहे. ज्यांची गाडी छपराखाली असते, जे भरपूर पाण्याने आधी धूळ वाहवून मग मऊ कापडाने धुतात आणि गाडी बरीच वर्षे ठेवणार आहेत, त्यांना मात्र कोटिंग सोयीचे पडते. चिखल, डांबराचे डाग, पक्ष्यांची विष्ठा त्यावरून लवकर निघते. विष्ठा तरी त्याच दिवशी धुवावी, कारण तापलेल्या पत्र्यावर ती लॅकर खाते, थर कोणताही असो.

विंधन विहिरीचे पाणी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी पसरले असते तर क्षारही पातळ पसरले असते. फुगीर थेंब जागच्या जागी आटतो आणि कॅल्शियमचे पांढरे वर्तुळ मागे ठेवतो. कोटिंग केलेल्या गाडीवर ही वर्तुळे अधिक उठून दिसतात. धुतल्यावर उन्हात वाळू न देता लगेच टिपून घेतली की ती पडत नाहीत. पडलीच, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पुष्कळ पाणी घालून हलक्या हाताने पुसावे आणि लगेच धुवावे.