सिलिकोनची पिशवी बदलायची केव्हा?

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. रुग्ण उपचारांनंतर अनेक वर्षे जगू लागले, की नवे प्रश्न येतात. काढलेल्या स्तनाच्या जागी बसवलेली सिलिकोनची पिशवी जुनी झाली, तर बदलायची का?

शरीर परक्या वस्तूभोवती कोलॅजेन तंतूंचे आवरण विणते. ते आवळत गेले तर स्तन कडक होतो, दुखतो. पिशवी फाटली तरी दाट जेल अनेकदा आवरणातच राहते. बाहेरून काहीच कळत नाही! म्हणून अमेरिकेचे औषध प्रशासन बसवल्यापासून ५-६ वर्षांनी, मग दर २-३ वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय सुचवते. फाटलेली पिशवी काढावी. केवळ दहा वर्षे झाली म्हणून नव्हे. किरणोपचार झालेल्या त्वचेची जखम सावकाश भरते, आणि नव्या पिशवीभोवतीही आवरण विणले जाणारच.