छातीतलं पाणी आणि आवरणाचा तुकडा

‘छातीत पाणी झालंय’ हे वाक्य कोल्हापुरातल्या घराघरांना परकं नाही. ताप, कुशीत कळ, दम, आणि एक्स-रेत एका बाजूला पांढरं. सुईनं पाणी निघतं, पण ते क्षयाचंच का, याचं उत्तर शंभर वर्षांत टप्प्याटप्प्यानंच हाती आलं.

1920 साली मिरजेजवळ वॉन्लेसवाडीला क्षयरोग्यांचं आरोग्यधाम सुरू झालं, तेव्हा उपचार म्हणजे मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न. निदानासाठी छातीत दुर्बीण घालता येते, हे मात्र स्टॉकहोमचे डॉक्टर याकोबेयस यांनी 1910 मध्येच दाखवलं होतं.

क्षयामुळे झालेलं हे पाणी पुष्कळदा आपोआप ओसरतं, आणि तिथंच घात होतो. 1955 मध्ये अशा 141 अमेरिकी सैनिकांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. औषधाविना राहिलेल्या त्या जवानांपैकी सुमारे 65 टक्क्यांना पुढे क्षयानं गाठलं. बरं, पाण्यात जंतू मोजकेच असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते क्वचितच दिसतात. खरा पुरावा असतो फुफ्फुसाच्या आवरणात.

तो मिळवून दिला 1958 च्या अब्राम्स सुईनं. बोथट टोकाजवळच्या खाचेत आवरण अडकवायचं आणि आतली नळी फिरवून तुकडा कापायचा. वरच्या बरगडीच्या खालच्या कडेनं रक्तवाहिन्या जातात, म्हणून खाच त्या बाजूला कधीच वळवायची नाही. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. साध्या रुग्णालयातही जमणाऱ्या या सुईचं मोल मला फार मोठं वाटतं.

2003 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दुर्बीण आणि सुई या दोन्ही पद्धती त्याच त्या रुग्णांवर ताडून पाहिल्या. दुर्बिणीनं क्षयाचे सगळे रुग्ण सापडले. सुईच्या तुकड्याची ऊतक-तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) मिळून 79 टक्के. पाण्यातल्या एडीए या विकराच्या आणि पेशींच्या तपासणीची जोड दिल्यावर सुई 93 टक्क्यांवर गेली. आता सोनोग्राफीनं आवरण जाड झालेली जागा हेरता येते, त्यामुळे सुईचा नेमही सुधारला आहे.

एडीए वाढलं की सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करणं आपल्याकडे रूढ आहे, आणि बहुतेकदा ते बरोबरही ठरतं. पण जंतू औषधाला दाद देतो का, हे एडीए सांगत नाही; ते तुकड्याच्या कल्चरमधून कळतं. म्हणून डॉक्टरांनी तुकडा काढायचा म्हटलं, तर घाबरून नकार देऊ नका. सगळे तुकडे फॉर्मलिनमध्ये टाकू नका, एवढं मात्र आवर्जून सांगा. त्यात जंतू मरतात. कल्चरसाठी एक तुकडा सलाईनमध्ये वेगळा पाठवायला हवा.