पिठाचा माग

लेकरांनो, ते हळकुंड इकडं आणा. हां, तेच, टाचणीनं टोचल्यासारखं भोक पडलेलं. आता ते या पांढऱ्या कागदावर आपटा. पडलं ना पिवळं पीठ? आपण तर अजून दळायला बसलो नाही!

आपला हिंगोलीचा मुलूख हळदीचा, तेव्हा हा चोर तुम्ही पाहिलेला आहे. तांबूस भुंगेरा, जेमतेम २ ते ३ मिलिमीटर, मान खाली घातलेली. बोट लावलं की पाय पोटाशी ओढून मेल्याचं सोंग घेतो. याला तंबाखूचा भुंगेरा म्हणतात. तंबाखूसारखं जहर पचवतो म्हणून. ते कसं? त्याच्या पोटात एक बारीक बुरशी राहते, ती विष मोडते आणि जीवनसत्त्वंही पुरवते. आई अंडी घालताना ती बुरशी अंड्यांच्या कवचाला चोपडते. पिल्लू बाहेर पडताना कवच खातं, तिथंच त्याला शिदोरी मिळते. आहे की नाही? मिसरात १९२२ साली तुतनखामेन राजाचं थडगं उघडलं, तर तिथंही याचे वाळलेले नातेवाईक सापडले. तीन हजार वर्षांहून जुने!

नोकरीत असताना एका वस्तुसंग्रहालयाच्या काचेच्या कपाटात मला हाच भेटला. कपाटात एक जुनी पोथी, शेजारी पखवाज आणि टाळ. एके सकाळी पोथीखालच्या फळीवर चिमूटभर पीठ दिसलं. सगळे पोथीवर तुटून पडले. पानं उलटली, पुठ्ठा ठोकला. बांधणीत खळ असते, ती त्याला आवडतेच. पण पोथीला एकही ताजं भोक नव्हतं.

काचेचं कपाट आपण वस्तू जपायला करतो, पण चोरालाही तेच सोयीचं पडतं. आत वारा नाही, झाडू नाही, पाल नाही, कोळी नाही. आणि दिसणारं भोक म्हणजे खाणारा कधीच निघून गेल्याची खूण. नासधूस अळी करते, आत, अंधारात. पंख फुटले की भुंगेरा पोखरून बाहेर येतो, मग त्याला खाण्यात फारसा रस उरत नाही. म्हणून भोक पाहून चालत नाही, पीठ पाहावं लागतं.

आम्ही जुनं पीठ कुंच्यानं पुसून काढलं, प्रत्येक वस्तूखाली पांढरा कागद पसरला आणि कडेला तारीख लिहिली. कोपऱ्यात चिकट कागद ठेवले. आठवड्यानं पोथीखालचा कागद कोरा! पीठ पडलं होतं पखवाजाखाली.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, ठाऊक आहे ना? तीच कुणीतरी न काढता वाळू दिली होती. भिंग लावलं तर त्या वाळलेल्या कणकेची चाळणी झालेली. पीठ घरंगळत पोथीकडं गेलं होतं, इतकंच.

चिकट कागदावर मात्र आणखी पाहुणे निघाले. केसाळ, रिकाम्या काती दिसल्या म्हणजे ती लोकर, रेशीम आणि पिसं खाणारी अळी समजावी. तिचे आईबाप उजेडाकडं जातात, फुलांतले परागकण खातात, म्हणून ते खिडकीच्या चौकटीवर मेलेले सापडतात. चंदेरी, बिनपंखी, माशासारखी वळवळणारी ती कसर. ती भुंगेऱ्यासारखं पोखरत नाही, कागदाचा वरचा पापुद्रा खरवडते. वाळवी तर मातीची नळी घेऊन येते, तिला ओळखायला भिंग लागत नाही.

तुमची आजी पोथीत कडुनिंबाचा पाला आणि वेखंड ठेवते. त्यानं नवा भुंगेरा जरा बिचकतो, पण आत बसलेल्या अळीला त्याची खबरही नसते. म्हणून आम्ही कणीक खरवडून काढली. पोथी खबरदारी म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये २ आठवडे ठेवली. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडायची नाही बरं का, नाहीतर थंड कागदावर घाम फुटतो. एक दिवस तशीच राहू द्यायची. पखवाजाचं चामडं नाजूक, त्याला काय करायचं ते जाणकारांनी पाहिलं.

आम्ही मात्र कागद बदलत राहिलो. पावसाळ्यात दर आठवड्याला, कारण दमट उबेत हे सगळे वाढतात. तीन महिने कोरा कागद आला तेव्हा मला जरा झोप लागली.

चला, ते हळकुंड पिशवीत बांधून बाजूला ठेवा, पोत्यात परत टाकू नका. संध्याकाळी नामदेव महाराजांच्या देवळात भजन आहे. आरती झाल्यावर निघायची घाई करू नका, पखवाजवाल्यापाशी थांबा. कणीक काढतो की नाही, बघून या.