पाण्यात बुडणारा मासा

मासाही पाण्यात बुडून मरतो, हे मला पवनारच्या एका ढीवरकाकांनी शिकवलं. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायला नुकताच लागलो होतो. "गुर्जी, मरळीले वर येऊ नाही देल्लं, तं थे पान्यातच मरते," काका म्हणाले. मी हसलो. घरी जाऊन पुस्तक काढलं, तर काका बरोबर निघाले. मरळीच्या कल्ल्यांच्या वर हवा भरून घ्यायची पोकळी असते. वाढलेल्या मरळीचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन तिला तोंडात हवा घ्यावीच लागते.

ही गरज का पडली, ते धाम नदीच सांगते. १२ फेब्रुवारीला, गांधीजींच्या अस्थिविसर्जनाच्या दिवशी, पवनारला मेळा भरतो तेव्हा पात्रात धार असते. मे उजाडेपर्यंत खडक उघडे पडतात, डोह तेवढे उरतात. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना जेमतेम ७. त्यातला बराचसा कुजणारा पाला खाऊन टाकतो. म्हणून मांगूरच्या कल्ल्यांवर झाडासारखे फाटे फुटलेले हवेचे अवयव आहेत, तर शिंगीच्या अंगात शेपटीकडे गेलेल्या दोन लांब हवेच्या पिशव्या. तळ्यातली गोगलगाय चिखलात शिरते, शंखाचं झाकण लावते आणि पाऊस येईस्तोवर अगदी थोडक्यात भागवते.

पुढे रत्नागिरीला भाट्याच्या खाडीवर गेलो. ओहोटीला निवट्या नावाच्या मासोळ्या चिखलावर उड्या मारत होत्या. त्या ओल्या कातडीतूनही श्वास घेतात. तिवराची मुळं हवेसाठी चिखलातून वर आलेली. तिथं भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. आमच्या नदीची भरती जून-जुलैत, ओहोटी पुढे उन्हाळाभर. पण दोन्हीकडे बदल वेळेवर येतो, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या त्याची तजवीज अंगात मुरली.

मोटार लावून डोह तळापर्यंत उपसला, तर त्यावर मात्र माशाकडे फारशी तोड नाही. मरळ वाईट पाण्यात तगते, पाण्याशिवाय फार काळ नाही. माझे बरेच विद्यार्थी आज नदीकाठी शेती करतात. त्यांना एवढंच सांगतो: पऱ्हाटीला पाणी द्या, पण डोहात कमरेएवढं राहू द्या. घरात बियाणं राखून ठेवता ना, तसंच ते नदीचं बियाणं आहे.