नळी अजून लागणार आहे का?

ऑपरेशन नीट होतं, आणि तिसऱ्या दिवशी रुग्णाला थंडी वाजून ताप भरतो. दाखल होऊन 48 तास उलटल्यावर उद्भवलेला संसर्ग साधारणपणे रुग्णालयात जडलेला मानतात. उतारवय, मधुमेह, केमोथेरपी, स्टेरॉइड, अपुऱ्या दिवसांचं बाळ, यांत प्रतिकारशक्ती मुळातच तोकडी असते. ते आपल्या हातात नसतं. घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावं ते नळ्यांकडे.

लघवीची नळीच घ्या. एरवी लघवीची धार जंतूंना बाहेर लोटते; नळी त्यांना आत शिरायला वाट करून देते. तिच्यावर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो आणि त्यात औषध नीट पोचत नाही. म्हणून नळीचा प्रत्येक जादा दिवस धोका वाढवतो. पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता लटकलेली हवी. स्ट्रेचरवर नेताना ती पोटावर ठेवली, तर लघवी उलटी फिरते. राउंडच्या वेळी ‘डॉक्टर, नळी अजून लागणार आहे का?’ असं जरूर विचारा, त्यात उद्धटपणा नाही.

नळ्यांसारखाच औषधांचाही धोका असतो. अँटिबायोटिक बरेच दिवस चाललं, की आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) हा जंतू माजू शकतो. मग पाण्यासारखे जुलाब लागतात. त्याचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात.