पाऊण सेकंदाचा विचार

‘बुलेट’ या ऑनलाइन बुद्धिबळात प्रत्येक खेळाडूला अख्ख्या डावासाठी एकच मिनिट मिळते. डाव साठ चालींपर्यंत गेला, तर एका चालीला सरासरी एक सेकंद. दिवा लागला की बटण दाबायचे, एवढ्या साध्या कामालाही निरोगी माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. विचाराला उरला पाऊण सेकंद. एवढ्यात अमेरिकेचा ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा भल्याभल्यांना गुंडाळतो, तेही अनेकदा प्रेक्षकांशी गप्पा मारत.

पाहणाऱ्याला वाटते, याचा मेंदूच जात्या वेगवान. पण मज्जातंतूंतून संदेश धावण्याचा वेग त्याचा आणि आपला फारसा वेगळा नसतो. वेगळी असते ती साठवण. 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला आणि आठवून मांडायला सांगितला. मास्टरला सोळाच्या आसपास मोहरी जागच्या जागी लावता आली, नवख्याला जेमतेम चार. मग मोहरी कशीही विखरून ठेवली, तेव्हा मास्टरचा वरचष्मा जवळपास नाहीसा झाला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अफाट नव्हती. त्याला पट ओळखीचा वाटत होता. गर्दीत शेजाऱ्याचा चेहरा दिसावा, नाक-डोळे तपासावे लागू नयेत, तसा.

नाकामुराच्या खेळात या ओळखीवर आणखी काही चढते. तो सर्वोत्तम चाल शोधत बसत नाही. पुरेशी चांगली, पण समोरच्याला दोन सेकंद विचार करायला लावणारी चाल खेळतो. हरत आलेल्या डावातही अडचणी उभ्या करत राहतो. आणि ‘प्री-मूव्ह’, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची चाल येण्याआधीच आपली नोंदवून ठेवणे, त्याने हातखंडा केले आहे. इथे प्रतिक्रियेचा पाव सेकंदही वाचतो. अंदाज चुकला, तर वजीर फुकट जातो.

2018 ते 2022 अशी सलग पाच वर्षे त्याने ‘स्पीड चेस चॅम्पियनशिप’ जिंकली. 2023 च्या अंतिम फेरीत मॅग्नस कार्लसनने ही मालिका तोडली. पण हे सगळे उंदीर-क्लिकवर शिकून आलेले नाही. बालपणी त्याला सावत्र वडील सुनील वीरमंत्री या प्रशिक्षकाचे मार्गदर्शन लाभले. पंधराव्या वर्षी तो ग्रँडमास्टर झाला तो 2003 मध्ये, लाकडी पटावर, तासन्‌तास चालणाऱ्या डावांतून. आजही लांब डावात कठीण जागी तो पटाकडे न पाहता छताकडे बघत हिशेब मांडतो. बुलेटमध्ये छत बघायला सवड कुठे!

नेमके हेच दिसत नाही म्हणून घोटाळा होतो. मुलगा रात्री बारापर्यंत मोबाइलवर एक-एक मिनिटाचे डाव खेळतो आणि घरचे म्हणतात, ‘गेम नाही, बुद्धिबळ आहे, डोकं चालतंय.’ हरलेला डाव परत पाहायचा नाही, लगेच पुढचा सुरू करायचा. अशाने चुकाही तितक्याच पक्क्या होतात. झोप मोडते ते निराळेच, आणि दिवसा शिकलेले मेंदूत मुरते ते बरेचसे झोपेत. शिवाय बुद्धिबळातली ही ओळख गणितात किंवा परीक्षेत आपोआप कामी येते, याला भक्कम पुरावा नाही. विखुरलेल्या मोहऱ्यांपुढे मास्टरचे काय झाले, ते वर आलेच आहे.